खुलन्याहून मुलचेऱ्याला

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यातल्या गावांची यादी वाचताना मध्येच अडखळायला होतं. गोमणी, लगाम ही नावं इथल्या मातीतली. गोंडी, तेलुगू आणि मराठी जिथे एकमेकींत मिसळतात त्या मुलखात अशीच नावं असायची. पण त्यांच्या शेजारीच सुंदरनगर, विवेकानंदपूर, शांतिग्राम अशी नावं येतात. कुणीतरी टेबलाशी बसून एकाच दुपारी ठरवल्यासारखी ती वाटतात, आणि त्यातलं विवेकानंदांचं नाव तर सरळ कलकत्त्याकडे बोट दाखवतं. या गावांत घरामागे खणलेलं तळं असतं, त्याला पुकुर म्हणतात. घरात बांगला बोलतात आणि सातबारा मराठीत वाचतात. चामोर्शी तालुक्यातही अशी गावं आहेत. चंद्रपूर शहरात तर बंगाली कॅम्प नावाचा अख्खा भाग आहे आणि रिक्षावाल्याला त्याहून जास्त पत्ता सांगावा लागत नाही.

ही माणसं इथे का आली, हे विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं: फाळणी. ते उत्तर खोटं नाही, पण फार आखूड आहे. फाळणी १९४७ ची. तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात ही गावं वसली ती त्यानंतर सतरा-अठरा वर्षांनी आणि पुढे. मधल्या काळात पाकिस्तान नावाचा देश आतून कसा उसवत गेला, त्याची ही गावं साक्ष आहेत.

त्या उसवण्यातला एक धागा श्रीनगरहून सुरू होतो. २७ डिसेंबर १९६३ रोजी हजरतबल दर्ग्यातून पैगंबरांचा पवित्र केस नाहीसा झाल्याचं उघडकीला आलं. काश्मीर हादरलं. लाखो माणसं कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर आली, पण तिथे मुसलमान, पंडित आणि शीख एकत्र चालले आणि धर्माधर्मांत दंगल झाली नाही. ४ जानेवारीला केस परत मिळाला. तोवर मात्र बातमी उपखंडाच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. जानेवारीच्या पहिल्याच दिवसांत पूर्व पाकिस्तानातल्या खुलना शहरात निषेधाच्या मोर्चांतून हिंदूंच्या घरांना आगी लागल्या, माणसं मारली गेली. मग ती आग ढाका आणि नारायणगंजच्या गिरण्यांच्या वस्त्यांत गेली. श्रीनगरचे लोक ज्या दुःखात एकमेकांचा हात धरून उभे होते, त्याच दुःखाच्या नावाने खुलन्यात शेजारी शेजाऱ्यावर सोडला गेला.

सोडला गेला, असं मी जाणून लिहितो. पाकिस्तान तेव्हा एकाच नावाखाली दोन तुकड्यांत जगत होता आणि मधे हजार मैलांचा भारत होता. लोकसंख्या पूर्वेकडे जास्त. सत्ता, सैन्य आणि पैसा पश्चिमेकडे. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात बांगला भाषेसाठी निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. १९५४ मध्ये पूर्वेच्या मतदारांनी मुस्लिम लीगला धूळ चारून संयुक्त आघाडीला निवडून दिलं, तर ते सरकार दोन महिन्यांत बरखास्त झालं. सप्टेंबर १९५८ मध्ये ढाक्याच्या विधानसभेत सभासदांच्या हाणामारीत उपसभापती शाहेद अली जबर जखमी झाले आणि दगावले. पुढच्याच महिन्यात लष्करी कायदा लागू झाला आणि जनरल अयूब खान सत्तेवर बसले. ज्या राज्यकर्त्यांना स्वतःच्या बहुसंख्य प्रजेचं मत नको होतं, त्यांना त्या प्रजेचं लक्ष दुसरीकडे वळणं सोयीचंच होतं. १९६४ च्या त्या जानेवारीत पूर्वेकडच्या पोलिसांनी आणि सरकारने दिवसच्या दिवस हात बांधून जे पाहत राहणं पसंत केलं, त्याचा दुसरा अर्थ मला लागत नाही.

तिथल्या बंगाली मुसलमानांनी हे मुकाट्याने होऊ दिलं, असं मात्र नाही. जानेवारीच्या मध्यावर ढाक्यातल्या मोठ्या बंगाली वृत्तपत्रांनी पहिल्या पानावरून आपल्या प्रांताला दंगलीविरुद्ध उठून उभं राहायचं आवाहन केलं. शेख मुजीबुर रहमान दंगल-प्रतिबंधक समितीच्या पुढाऱ्यांत होते. हिंदूंना वाचवायला पुढे झालेले अमीर हुसेन चौधुरी ढाक्यात मारले गेले. आणि आपल्या बाजूलाही लपवण्यासारखं पुष्कळ आहे. खुलन्याच्या बातम्या आल्यावर कलकत्त्यात मुसलमानांच्या वस्त्या जळाल्या. मार्चमध्ये तर आणखी पुढचं घडलं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना मध्य भारतात नेणाऱ्या गाड्या जमशेदपूर आणि राउरकेलावरून जात होत्या. फलाटांवर त्या माणसांची अवस्था आणि त्यांच्या तोंडच्या हकिकती लोकांनी पाहिल्या-ऐकल्या, अफवांनी त्यात भर घातली, आणि त्या दोन पोलादी शहरांत मुसलमान कामगारांची कत्तल झाली. श्रीनगर, खुलना, ढाका, कलकत्ता, जमशेदपूर, राउरकेला. तीन महिन्यांत एवढी मजल. त्याच रुळांवरून तीच गाडी पुढे रायपूरला आली.

त्या डब्यांत बसलेली माणसं कोण होती, हे मराठी वाचकाने नीट समजून घ्यायला हवं. बंगालमधले वरच्या जातींचे आणि शहरांतले शिकलेले हिंदू फाळणीच्या आगेमागेच निघून गेले होते. त्यांचे कलकत्त्यात नातेवाईक होते, ओळखी होत्या, नोकऱ्या मिळण्यासारखं शिक्षण होतं. मागे राहिले ते शेतकरी, कोळी, नावाडी, सुतार. त्यांत सर्वांत मोठा समाज नमःशूद्रांचा. बारिसाल, फरीदपूर, खुलना, जेसोर या पाणथळ जिल्ह्यांतला. एकेकाळी त्यांना चांडाळ म्हणत. ते नाव खानेसुमारीतून काढून टाकायला त्यांनी कित्येक वर्षं झगडा केला आणि १९११ च्या जनगणनेत नमःशूद्र हे नाव मिळवलं. फरीदपूर जिल्ह्यातल्या ओराकांदीच्या हरिचंद ठाकुरांनी त्यांना मतुआ पंथ दिला. मुलगे गुरुचंद ठाकुर यांनी शाळा दिल्या. ज्या काळात पुण्यात जोतिराव फुले शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणासाठी झटत होते, त्याच काळात पद्मेच्या खोऱ्यात हे चाललं होतं.

याच समाजातले जोगेंद्रनाथ मंडल. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून संविधान सभेत जाण्याचे डॉ. आंबेडकरांचे सगळे रस्ते बंद झाले होते. तेव्हा मंडल आणि बंगालच्या विधानसभेतल्या दलित आमदारांनी बाबासाहेबांना बंगालमधून निवडून पाठवलं. पहिल्यांदा त्या सभागृहात ते बसले ते बंगालचे प्रतिनिधी म्हणून. वर्षभरात फाळणीची घोषणा झाली, बंगालची ती जागा गेली, आणि जुलै १९४७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकरांच्या रिकाम्या जागेवर बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले. मराठी माणसाला ही दुसरी निवड सहसा आठवते. पहिली देणाऱ्या लोकांचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही.

मंडल यांनी पाकिस्तानात राहायचं ठरवलं. दलित शेतकरी आणि मुसलमान शेतकरी दोघेही जमीनदाराखाली भरडलेले. त्यांचं हित एक आहे, अशी त्यांची धारणा होती. ते पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले. म्हणजे काही काळ भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांचे कायदेमंत्री दलित होते. १९५० च्या सुरुवातीला बारिसाल आणि इतर जिल्ह्यांत मोठी कत्तल झाली. एप्रिलमध्ये नेहरू आणि लियाकत अली यांनी अल्पसंख्याकांच्या रक्षणाचा करार केला, पण मंडल यांच्या लोकांना त्याने धीर आला नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मंडल कलकत्त्याला आले आणि तिथून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा पाठवला. १९६८ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या समाजाचे लोक आसामपासून मध्य भारतापर्यंत विखुरलेले होते. त्यांच्यावर दोन्हीकडून भोळेपणाचा ठपका येतो. मला तो अन्यायाचा वाटतो. त्यांनी एका नव्या देशाच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. शब्द त्या देशाने मोडला.

लोकांचं येणं सलग चाललं नव्हतं. १९५० चा लोंढा, १९५२ मध्ये पासपोर्टची पद्धत सुरू होण्याआधीची घाई, १९५६ मध्ये पाकिस्तान इस्लामी प्रजासत्ताक झाल्यानंतरची गर्दी, मग १९६४. पलीकडे सरकार डळमळलं की इकडे कलकत्त्याच्या सियालदा स्टेशनचा फलाट भरून जाई. पश्चिम बंगाल आधीच तुडुंब होता. त्यामुळे दिल्लीने नियम केला: १ जानेवारी १९६४ नंतर येणाऱ्यांना पुनर्वसनाची मदत हवी असेल, तर त्यांनी पश्चिम बंगालबाहेर गेलं पाहिजे. कागदोपत्री त्यांना नवे निर्वासित म्हणू लागले. त्यांच्यासाठी वाट एकच होती, रायपूरजवळच्या माना इथल्या छावणीची. दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या विमानतळाच्या आवारात ती उभी होती. तंबू, बराकी, मोजून मिळणारं रेशन, नळावर रांगा. तिथून कुणाला कुठे पाठवायचं ते ठरे.

दंडकारण्य प्रकल्प १९५८ पासून चालू होता. त्याचा पसारा बस्तर आणि कोरापुटमध्ये. त्याला लागूनच महाराष्ट्राचा तेव्हाचा चांदा जिल्हा, पुढचा चंद्रपूर. गडचिरोली त्यातून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. नकाशा पुढे घेतला तर हा आराखडा स्पष्ट दिसतो. पूर्वेला बस्तरात परलकोट आणि पखांजूर, दक्षिणेला नदीपलीकडे तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात कागजनगरजवळ नझरुलनगर, उत्तरेला अर्जुनी मोरगावकडे अरुणनगर, वायव्येला बैतूल जिल्ह्यात चोपना आणि मधोमध मुलचेरा-चामोर्शी. मध्य भारताच्या जंगलावर बंगालच्या वस्त्या अशा पेरल्या गेल्या. उत्तरेच्या त्याच झाडीत गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ल्हासातला १९५९ चा उठाव चिरडला गेला त्याची ती खूण. दोन परक्या देशांतल्या उलथापालथींनी बेघर झालेल्या माणसांना एकाच झाडीपट्टीत जागा मिळाली.

जागा मिळाली कशी, हाही प्रश्न आहे. सरकारी कागदांत हे जंगल मोकळं होतं. पण मोकळं ते कुणाच्या लेखी? घोट, आडपल्ली, मोलमपल्ली या जुन्या जमीनदाऱ्या. मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाक्यांनी १८५८ मध्ये इंग्रजांशी लढा दिला तो याच रानात, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या गेल्या आणि त्यांचं जंगल सरकारजमा झालं. इथले गोंड आणि माडिया पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलात मोहफूल वेचत, बांबू तोडत, गुरं चारत, अधूनमधून एखादा तुकडा साफ करून पेरत. त्यातलं फारसं काही सातबाऱ्यावर नव्हतं. जे कागदावर नाही ते रिकामं, असा हिशेब झाला. मग झाडं तुटली, पट्टे आखले गेले आणि माना छावणीतली कुटुंबं आणून बसवली गेली. घर गमावून आलेल्यांसाठी ज्यांचं रान घेतलं त्यांना कुणी काही विचारलं नाही. दोघंही गरीब, दोघंही मुके. निर्णय दोघांच्याही डोक्यावरून झाला.

आणि आलेली माणसं पाण्याची होती. बारिसालमध्ये आषाढात घरापासून बाजारापर्यंत होडीने जावं लागतं. जमीन काळी, सपाट, दगड औषधालाही नाही. भात वर्षातून दोनदा आणि मासा दाराशी. इथे उन्हाळ्यात सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांचा तडाखा, विहिरीत कातळ, जमिनीत सागवानाची खुंटं आणि पावसाळा संपला की हिवताप. रात्री वाघ-बिबट्याचा धाक. माहीत असलेलं प्रत्येक कौशल्य इथे निरुपयोगी, फक्त एक सोडून: भाताची लावणी. ते मात्र दोन्हीकडे सारखं होतं. झाडीपट्टी हा महाराष्ट्रातला भात खाणारा, तळी राखणारा मुलूख. गोंड राजांच्या काळापासून इथे तळी बांधली गेली आणि मालगुजारांनी ती वाढवली. आजही त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात. बंगाली माणसाने तळ्यात पाणी पाहिलं की तो मासा पाहतो. रोहू, कतला, मृगळ यांची शेती इथल्या बाजारांत रुजली त्यात या लोकांचा हात मोठा आहे. रोवणीच्या दिवसांत गोंड बाई आणि बंगाली बाई एकाच बांधीत वाकल्या, तेव्हा भाषा लागत नसे. ओळख तिथूनच सुरू झाली असावी.

पलीकडचा देश मात्र स्वस्थ बसत नव्हता. १९६५ च्या युद्धात पाकिस्तान सरकारने शत्रू-मालमत्तेचा हुकूम काढला आणि भारतात गेलेल्या हिंदूंची मागची शेतं-घरं त्याखाली ताब्यात गेली. सुंदरनगरात बसून कधीतरी परत जाऊ म्हणणाऱ्यांचा परतीचा रस्ता त्या कागदाने बंद केला. मग १९७०-७१. निवडणुकीत मुजीब जिंकले, त्यांना सत्ता मिळाली नाही, आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कर ढाक्यावर तुटून पडलं. २० मे रोजी खुलना जिल्ह्यातल्या चुकनगर बाजारात सीमेकडे निघालेल्या हजारो हिंदूंना गोळ्या घातल्या. सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. माना पुन्हा भरलं. भारत सरकारने टपालावर पाच पैशांचं निर्वासित साहाय्य तिकीट सक्तीचं केलं. ते लावल्याशिवाय सिरोंच्याचं पत्र नागपूरला जात नव्हतं. ज्या शेतकऱ्याला बांगलादेश कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, त्यानेही त्या उलथापालथीचा पाच पैशांचा वाटा भरला. डिसेंबरात युद्ध होऊन नवा देश झाला. २५ मार्चनंतर आलेल्यांना परत पाठवायचं ठरलं आणि बहुसंख्य गेलेही. त्याआधी आलेले, म्हणजे आपले चांद्याचे, इथेच राहिले.

सगळ्यांना ते मानवलं नाही. १९७८ मध्ये दंडकारण्यातल्या हजारो कुटुंबांनी भांडी विकली, बैल विकले आणि सुंदरबनाची वाट धरली. तिथे मरीचझापी बेटावर त्यांनी स्वतःच्या हातांनी शाळा, बांध, मासळीचे तलाव उभे केले. जानेवारी १९७९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने बेटाची नाकेबंदी केली. मे महिन्यात पोलिसांनी वस्ती उठवली. किती माणसं मेली यावर आजही वाद आहे. उरलेल्यांना पुन्हा त्याच गाड्यांत घालून परत पाठवलं. ज्या बंगालसाठी ते तळमळत होते त्यानेही त्यांना नको म्हटल्यावर जंगलच त्यांचं घर झालं. त्याच सुमारास प्राणहिता ओलांडून आंध्रातून नक्षलवादी इथे उतरले, आणि अशांततेतून पळून आलेल्यांना पुढची चाळीस वर्षं दोन बंदुकांच्या मधे शेती करावी लागली. इथल्या आदिवासींनाही तेच.

आज या गावांतली तिसरी-चौथी पिढी झेडपीच्या शाळेत मराठीत शिकते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरते, नाटकं होतात. बंगाली पोरं तीही पाहतात आणि त्याच दिवाळीच्या अमावास्येला घरी कालीपूजाही करतात. चैत्रात बारुणीला डंका आणि झांजांच्या तालावर मतुआंचा हरिनामाचा गजर होतो. वारकऱ्याला तो परका वाटणार नाही. पण दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. एक जमिनीची: दिलेले कित्येक पट्टे वर्षानुवर्षं भोगवटादार वर्ग-२ राहिले, कसायला जमीन आहे, पण विकायला किंवा गहाण टाकायला सरकारची परवानगी लागते. दुसरी जातीची. पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातीत आहेत, ओडिशातही आहेत. महाराष्ट्राच्या यादीत त्यांचं नाव नाही. ओडिशातल्या मालकानगिरीला उतरवलेल्या कुटुंबाच्या नातवाला जो दाखला मिळू शकतो, तो मुलचेऱ्याला उतरवलेल्याच्या नातवाला मिळत नाही. मानाच्या छावणीत कोणत्या यादीत नाव चढलं, एवढाच दोघांतला फरक. बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवणाऱ्या समाजाला बाबासाहेबांच्याच राज्यात ही जागा नसावी, हे मला लिहितानाही लागतं.

५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना ढाका सोडून भारतात आल्या. त्यानंतरच्या दिवसांत खुलन्याकडून, जेसोरकडून देवळांच्या आणि घरांच्या बातम्या येऊ लागल्या. ज्यांचं कुणी ना कुणी अजून तिकडे आहे, त्यांना साठ वर्षांनंतरही त्या बातम्या जुन्या गावाच्या म्हणूनच ऐकू येतात.

नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. दर वर्षी त्या दिवसांत चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गावोगावच्या ट्रका आणि एसट्या येतात, पांढरी लुगडी नेसलेल्या बाया पोराबाळांसह येतात. ज्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या मध्यात येतो, त्या वर्षी त्याच संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या भागात, बंगाली कॅम्पात, विसर्जनाआधी बायका दुर्गेला आणि मग एकमेकींना शेंदूर लावत असतात. ढाक वाजत असतो.